पाचमुखी रुद्राक्ष: पारखण्यापासून अंगणात झाड लावण्यापर्यंत

त्र्यंबकेश्वराचं दर्शन घेऊन कुशावर्ताकडे चालू लागलं की दुकानादुकानांत रुद्राक्षाच्या माळा टांगलेल्या दिसतात. नाशकात पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास, कपालेश्वराच्या पायऱ्यांखालीही तेच. त्यांत उत्तम मणी असतो, बरा असतो आणि निव्वळ फसवणूकही असते. तिन्ही कधीकधी एकाच खिळ्याला टांगलेले असतात. त्यात २०२६-२७ चा सिंहस्थ. शैव आखाडे त्र्यंबकला आणि वैष्णव आखाडे नाशकात उतरतात, देशभरातून भाविक येतात, आणि मागणी वाढली की खोटा मालही वाढतो. म्हणून मणी घ्यायच्या आधी काय बघायचं, घेतल्यावर काय करायचं आणि झाडच लावायचं असेल तर नाशिकच्या हवेत ते कसं जगवायचं, हे सगळं इथे क्रमाने सांगतो.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. रोजच्या जपाला आणि अंगावर घालायला पाचमुखीच घ्यावा, म्हणजे ज्यावर वरपासून खालपर्यंत पाच उभ्या रेषा असतात तो. एकेक रेषा म्हणजे एकेक मुख. झाडावर सर्वांत जास्त मणी पाचमुखीच धरतात, त्यामुळे तो स्वस्त असतो आणि त्याची नक्कल करण्यात कुणाला फारसा फायदा नसतो. शिवपुराणात तो साक्षात कालाग्नी रुद्र म्हणून सांगितला आहे. म्हणजे साधा, सहज मिळणारा मणी घेतला तर श्रद्धेत काही कमी पडतं असं अजिबात नाही. लोक फसतात ते बहुतेक वेळा दुर्मीळ मुखांच्या मागे लागून.

आधी गरज ठरवा

दुकानात जायच्या आधीच ठरवा, की जपाची माळ हवी, गळ्यात घालायची कंठी हवी, की दोऱ्यात ओवलेला एकच मणी. तिन्हींचा आकार वेगळा लागतो.

जपमाळेला १०८ मणी आणि वर मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा जादा मणी. आठ मिलिमीटरचे मणी घेतले तर नुसत्या मण्यांचीच लांबी ८६ सेंटिमीटर होते, गाठी धरून माळ साधारण मीटरभर जाते. हाताला ती बरोबर बसते. वीस मिलिमीटरचे मोठे मणी घेतले तर तीच माळ दोन मीटरच्या पुढे जाते, बोटांतून सरकत नाही आणि हात अवघडतो. त्यामुळे जपाला सात ते नऊ मिलिमीटर उत्तम. मोठे मणी कंठीसाठी किंवा एकेरी घालण्यासाठी ठेवा. कंठी ५४ किंवा २७ मण्यांची करतात. ग्रंथांमध्ये गळ्यासाठी ३२ ही संख्याही येते, म्हणजे माणसाच्या दातांइतकी.

शिवपुराणाच्या विद्येश्वर संहितेत आवळ्याएवढा मणी श्रेष्ठ, बोराएवढा मध्यम आणि हरभऱ्याएवढा त्याखालचा, असा क्रम दिला आहे. पण त्याच संहितेत लहान लहान मण्यांचं फळ उलट वाढत जातं असंही म्हटलं आहे. त्यामुळे जपाला छोटे मणी घेताना मनात किंतु ठेवू नका.

घरात हमखास निघणारा प्रश्न म्हणजे बायकांनी रुद्राक्ष घालावा का. त्याच संहितेत सर्व वर्णांनी, सर्व आश्रमांतल्या लोकांनी आणि स्त्रियांनीही शिवाच्या आज्ञेने रुद्राक्ष धारण करावा असं स्पष्ट म्हटलं आहे. घरातल्या मोठ्यांनी हरकत घेतली तर वाद न घालता हा अध्याय वाचायला द्या. विद्येश्वर संहितेचा पंचविसावा अध्याय आहे, मराठी भाषांतरं मिळतात.

गळ्यात तुळशीची माळ असलेल्यांनाही शंका असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत बघा. तुळशीमाळ घातलेले हजारो वारकरी ज्या निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोकं टेकतात, त्यांना दीक्षा दिली गहिनीनाथांनी, म्हणजे शैव नाथपंथातल्या गुरूंनी. तुमच्या गुरुघराण्याची काही शिस्त असेल तर ती पाळा. नसेल तर तुळस गळ्यात आणि रुद्राक्ष जपाला, ही वाटणी कुणालाही चालण्यासारखी आहे.

हा मणी नक्की काय आहे

त्रिपुरासुराच्या वधासाठी दीर्घ काळ ध्यान केल्यावर शंकरांनी डोळे उघडले, अश्रू जमिनीवर पडले आणि त्यांतून रुद्राक्षाची झाडं उगवली, ही कथा आपल्याला ठाऊक असते. झाडाबद्दल मात्र फार थोडी माहिती असते, आणि पारख करताना तीच कामाला येते.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला एलिओकार्पस गॅनिट्रस म्हणतात. एलिओकार्पस अँगस्टिफोलियस हेही त्याचंच नाव. सदाहरित, उंच वाढणारं झाड. हिमालयाच्या पायथ्यापासून नेपाळ, आसाम, अरुणाचल ते थेट इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत ते आढळतं. नेपाळच्या पूर्वेकडच्या भोजपूर आणि संखुवासभा जिल्ह्यांतला मणी मोठा, ठसठशीत, खोल रेषांचा. जावा बेटावरचा मणी लहान आणि गुळगुळीतकडे झुकणारा. आपल्याकडच्या छोट्या मण्यांच्या जपमाळा बहुतेक इंडोनेशियातूनच आलेल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही, झाड तेच आहे.

फळ गडद निळं, सुपारीच्या आकाराचं. या निळ्याची गंमत अशी की सालीत निळं रंगद्रव्य नसतंच. सालीच्या पेशींमधल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश असा परततो की डोळ्याला निळं दिसतं, मोरपिसात होतं तसं. डेव्हिड ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९१ साली हे दाखवून दिलं. सालीखाली पातळसा आंबट गर आणि त्याच्या आत टणक आठळी. हीच आठळी म्हणजे आपला रुद्राक्ष.

आठळीच्या आत कप्पे असतात आणि कप्प्यात बी. बाहेर दिसणारी प्रत्येक उभी रेषा दोन कप्प्यांमधली सीमा असते. म्हणून पाच रेषा असतील तर आत पाच कप्पे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी पारख जमलीच. एकाच झाडावर चार, पाच, सहा अशा वेगवेगळ्या मुखांचे मणी धरतात. ‘सातमुखीचं झाड’ असं वेगळं काही नसतं.

मुखं कशी मोजायची

मणी उभा धरा. देठाकडची बाजू वर. तिथून निघालेली रेषा खालच्या टोकापर्यंत अखंड जायला हवी. मध्येच विरली तर ते मुख नाही, नुसती भेग किंवा सुरकुती. पहिल्या रेषेवर पेन्सिलची बारीक खूण करा आणि मणी एकाच दिशेने फिरवत मोजा, नाहीतर हमखास एक रेषा दोनदा मोजली जाते. छोट्या मण्यांना मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तरी चालतं, पण शंभर-दीडशे रुपयांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवलंत तर उत्तम. सराफ आणि घड्याळजी वापरतात तेच.

मुखांनुसार देवता सांगितल्या आहेत. सहामुखी कार्तिकेयाचा, दहामुखी जनार्दनाचा, अकरामुखी रुद्राचा, बारामुखी आदित्याचा. ही यादी शिवपुराणात चौदामुखीपर्यंत जाऊन थांबते. दुकानातल्या तक्त्यावर एकवीस आणि त्यापुढची मुखं, त्यांचे ग्रह, त्यांचे व्यवसायातले फायदे असं सगळं छापलेलं असतं. ते पुराणातलं आहे असं कुणी सांगितलं तर अध्याय विचारा.

खरा की खोटा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी कोणत्या चाचण्या बाद करायच्या ते सांगतो, कारण दुकानदार त्याच करून दाखवतात. खरा मणी पाण्यात बुडतो, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. मणी बुडणं किंवा तरंगणं हे त्याच्या कप्प्यांत हवा किती आणि ओल किती यावर ठरतं. वाळून खडखडीत झालेला अस्सल मणी खुशाल तरंगतो, आणि आत शिसं भरलेला खोटा मणी तळाला जातो. दुसरी चाचणी तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये मणी धरून तो फिरतो हे दाखवण्याची. खडबडीत पृष्ठभागाची कुठलीही गोल वस्तू दोन नाण्यांत दाबली की बोटांच्या दाबाने गरकन फिरते. या दोन्हींवरून काहीही सिद्ध होत नाही. तासन्‌तास उकळण्याने डिंकाने चिकटवलेला मणी सुटतो हे खरं, पण चांगला मणीही त्यात खराब होतो.

आता कामाचं. खोटेपणा चार प्रकारचा असतो.

पहिला, रेषा वाढवणे. पाचमुखीवर कानशीने दोन जादा रेषा काढून त्याचा सातमुखी करतात, कारण किंमत एकदम चढते. भिंगाखाली धरा. नैसर्गिक रेषेच्या तळाशी खडबडीत, तंतुमय पोत दिसतो, आणि रेषेच्या दोन्ही काठांवरचे उंचवटे वेडेवाकडे, एकमेकांत अडकलेले असतात. कोरलेल्या रेषेचा तळ गुळगुळीत, कडा सरळ, आणि उंचवटे मधोमध कापले गेलेले. आणखी सोपी खूण म्हणजे रेषांमधलं अंतर. निसर्गात कप्पे साधारण सारख्या रुंदीचे असतात. एका ठिकाणी दोन अगदी चिंचोळे भाग शेजारी शेजारी आणि बाकीचे रुंद दिसले, तर एका रुंद भागाला मधून चिरलंय असं समजा.

दुसरा, रेषा बुजवणे. कमी मुखांचा मणी महाग असेल तिथे हे करतात. लाकडाचा भुसा आणि डिंक यांनी रेषा भरून वर रंग देतात. भरलेल्या जागेची चकाकी बाकीच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी असते आणि भिंगात बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. सुई हलकेच टेकवून बघा, ती रुतते.

तिसरा, दोन मणी चिकटवून गौरीशंकर करणे. जन्मतः जोडलेल्या मण्यांमध्ये जोडाच्या जागी उंचवटे एका मण्यावरून दुसऱ्यावर सलग वाहत गेलेले दिसतात. चिकटवलेल्यांत मध्ये सरळ शिवण असते. उजेडासमोर तिरपा धरला की ती डोळ्यांत भरते.

चौथा, मुळात रुद्राक्षच नसणे. प्लॅस्टिकचे साच्यातले मणी ओळखणं सोपं, कारण माळेतले पाच-सात मणी हुबेहूब एकसारखे निघतात. दोन खरे मणी कधीच सारखे नसतात. सुपारी किंवा बोराची आठळी कोरूनही मणी करतात. भद्राक्ष हा दिसायला जवळचा पण वेगळ्या झाडाचा मणी. त्याचे उंचवटे उथळ आणि आकार बऱ्याचदा चपटा. मण्यावर उठावदार ॐ, त्रिशूळ, नाग किंवा शिवलिंग ‘आपोआप उमटलेलं’ असेल तर ते कोरलेलं किंवा चिकटवलेलं आहे, यात शंका ठेवू नका.

एकमुखीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मनाने सर्वांत हळवा झालेला माणूस याच्याच मागे असतो. घरात आजारपण, कर्ज, मुलांची काळजी असते आणि कुणीतरी सांगतं एकमुखी आणा. गोल एकमुखी मणी जवळपास मिळतच नाही. बाजारात एकमुखी म्हणून जो काजूच्या आकाराचा मणी येतो तो त्या गोल मण्यासारखा नसतो. लाखाच्या घरात किंमत सांगून गोल एकमुखी कुणी दाखवत असेल तर तिथून उठून यावं, एवढंच माझं सांगणं आहे.

महागाचा मणी घ्यायचाच असेल तर एक्स-रे काढून घ्या. एक्स-रेत आतले कप्पे स्पष्ट दिसतात. बाहेर सात रेषा आणि आत पाच कप्पे, असं दिसलं की निकाल लागला. एखाद्या कप्प्यातलं बी सुकून बारीक झालेलं असू शकतं, म्हणून बिया मोजण्यापेक्षा कप्पे मोजा. रत्नपरीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा हे करून देतात.

रंगाबद्दल उगाच घाबरू नका. पुष्कळ खऱ्या मण्यांना गडद दिसावेत म्हणून रंग दिलेला असतो. कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा घासून बघा. रंग निघाला तर मणी रंगवलेला आहे, खोटा आहेच असं नाही. मी स्वतः मात्र रंगवलेला मणी घेत नाही. घामाने रंग सदऱ्याला लागतो आणि खाली लपलेली कीड दिसत नाही.

कीड ही खरीखुरी अडचण आहे. विद्येश्वर संहितेत सहा प्रकारचे मणी वर्ज्य सांगितले आहेत: किडलेला, तुटलेला, फुटलेला, काटे म्हणजे उंचवटे नसलेला, चिरा-व्रण असलेला आणि गोल नसलेला. किडलेला आणि तुटलेला ही दोन तर दुकानातच निकालात काढा. मणी पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. भुकटी पडली किंवा सुईच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर ठेवून द्या. एक किडका मणी अख्खी माळ पोखरतो.

दुकानात गेल्यावर

श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि पर्वकाळ सोडून साध्या आठवड्यात, सकाळी, उजेडात जा. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या गर्दीत भिंग लावून मणी बघणं होत नाही, आणि दुकानदारालाही वेळ नसतो.

माळ हातात घेऊन एकेक मणी बोटांवरून सरकवा. मोजा. १०८ सांगितलेल्या माळेत ९९ किंवा १०३ मणी निघतात, यात नवल नाही. आकार साधारण सारखा आहे का, भोकं मधोमध आहेत का, भोकाच्या कडा तडकलेल्या नाहीत ना, हे बघा. नैसर्गिक भोक असलेला मणी उत्तम आणि माणसाने पाडलेलं भोक असलेला मध्यम, असं पुराणात म्हटलंय. बाजारातले जवळपास सगळेच मणी यंत्राने भोक पाडलेले असतात, त्यात वाईट काही नाही.

मग हे विचारा: मणी कुठला, नेपाळचा की इंडोनेशियाचा? रंग दिलाय का? बिल मिळेल का? बिलावर ‘नैसर्गिक रुद्राक्ष’, मुखांची संख्या आणि मण्यांचा आकार लिहून मागा. चोख माल विकणारा दुकानदार दोन मिनिटांत लिहून देतो. ‘देवाच्या वस्तूचं कसलं बिल’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. प्रमाणपत्र देत असतील तर ते दुकानाचंच आहे की स्वतंत्र प्रयोगशाळेचं, ते बघा, आणि त्यावरचा फोटो समोरच्या मण्याशी ताडून पाहा. फसवणूक झालीच तर बिल हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

अशा काही दुकानांत हत्ताजोडीही ठेवलेली असते, झाडाचं मूळ म्हणून. तिला हात लावू नका. तो घोरपडीचा अवयव असतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

माळ ओवणं

तयार माळेचा दोरा बहुतेक वेळा कच्चा असतो. सुटे मणी घेऊन पटवेकऱ्याकडून गाठवून घेतलेली माळ वर्षानुवर्षं टिकते. नाशकात सराफ बाजाराच्या आसपास चौकशी केली तर दागिने गाठवणारे सापडतात.

दोरा रेशमी किंवा चांगल्या पिळाचा सुती घ्या. नायलॉन घट्ट राहतो, पण मण्याच्या भोकाची कड कापतो. चांदीच्या तारेत ओवायचं असेल तर भोकात टोप्या बसवून घ्या. प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ हवीच. गाठ नसेल तर मणी एकमेकांवर घासून उंचवटे झिजतात, आणि दोरा तुटला की सगळे मणी घरभर होतात.

काम सुरू करण्याआधीच पटवेकऱ्याला एक गोष्ट सांगा. ओवताना मुख म्हणजे रेषा नव्हे: मण्याची देठाकडची बाजू म्हणजे मुख आणि उलटी बाजू म्हणजे पुच्छ. परंपरेप्रमाणे ओवताना मुखाला मुख आणि पुच्छाला पुच्छ लागावं. छोट्या मण्यांत ही बाजू ओळखायला वेळ लागतो, म्हणून घरीच मणी जोडीजोडीने मांडून, टेपवर चिकटवून नेलेत तर त्याचंही काम सोपं होतं. मेरुमणी बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा निवडा, म्हणजे डोळे मिटलेले असतानाही बोटाला कळतो.

शुद्धी आणि धारण

नव्या मण्यांवर धूळ, तेलकटपणा, कधी रंग असतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मऊ ब्रशने रेषांमधली घाण काढा. साबण नको. पंख्याखाली, सावलीत पूर्ण वाळवा. मग तिळाचं किंवा चंदनाचं तेल बोटाला लावून मण्यांवर पुसट फिरवा आणि दिवसभर ठेवून कोरड्या कापडाने पुसा.

धारणेसाठी सोमवार, प्रदोष किंवा महाशिवरात्र निवडतात. घरी करण्याजोगा विधी साधा आहे. ताम्हनात माळ ठेवून आधी पाण्याने, मग पंचामृताने, पुन्हा स्वच्छ पाण्याने अभिषेक करा. मुखाने ‘ॐ नमः शिवाय’ चालू ठेवा. गंध, भस्म, बेलपान वाहा, माळ शिवलिंगाला किंवा देवघरातल्या शंकराच्या तसबिरीला स्पर्शून घ्या आणि घाला. पंचामृतानंतरचं पाणी भरपूर घाला, कारण रेषांत अडकलेलं दूध-मध आंबतं आणि बुरशी धरते.

पथ्याबद्दल विचारणा होते. विद्येश्वर संहितेत मद्य, मांस, लसूण, कांदा यांच्यासोबत शेवगा आणि भोकरही वर्ज्य सांगितलं आहे. शेवग्याची आमटी आणि भोकराचं लोणचं ज्या घरात वर्षानुवर्षं होतं तिथे ही यादी जशीच्या तशी पाळणं अवघड जातं. झेपेल तेवढंच ठरवा आणि ठरवलेलं मात्र मोडू नका. अनेक घरांत सोयर-सुतकात आणि अंत्ययात्रेला जाताना माळ काढून ठेवतात. तुमच्याकडे जी पद्धत असेल ती चालवा.

आजाराचं एक कळकळीने सांगतो. रुद्राक्ष घातला म्हणून रक्तदाबाची, साखरेची, हृदयाची गोळी बंद करू नका. जपाने मन शांत होतं, झोप सुधारते, हा अनेकांचा अनुभव आहे. पण गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच सांगतील.

जप करताना

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी लांब. मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. माळ नाभीच्या खाली लोंबू नये म्हणून गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, हात घालतात. गोमुखीने आणखी एक सोय होते: किती मणी राहिले हे दिसत नाही, त्यामुळे संपवण्याची घाई होत नाही. गळ्यातली माळ आणि जपाची माळ वेगळी ठेवा. गळ्यातल्या मण्यांना घाम लागतो, जपाच्या माळेला बोटांचं तेल लागून ती हळूहळू गुळगुळीत, तांबूस काळी होत जाते. असा रंग बाजारातल्या कुठल्याही माळेला नसतो.

निगा

आंघोळीला, पोहायला, गोदावरीत डुबकी मारताना माळ काढा. साबण आणि शाम्पू रेषांत जाऊन बसतात, गरम पाण्याने मणी तडकतो. महिन्यातून एकदा ब्रश, तीन-चार महिन्यांनी तेल. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तेल थोडं लवकर द्यावं लागतं. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे राहत असाल तर तेल कमी आणि वाळवणं जास्त. माळ प्लॅस्टिकच्या डबीत बंद करू नका, सुती पिशवीत ठेवा. दोरा वर्ष-दोन वर्षांनी बदला, तुटायची वाट बघू नका. भंगलेला मणी गोदावरीत टाकण्यापेक्षा घरच्या बेलाच्या किंवा तुळशीच्या मुळाशी मातीत पुरलेला बरा.

झाड लावायचं असेल तर

जपमाळेतला मणी पेरून झाड येत नाही. भोक पाडलेला, तेल दिलेला मणी रुजत नाही. ताजी आठळी मिळाली तरी तिचं कवच इतकं टणक असतं की उगवण अनियमित होते, महिनेन्‌महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. म्हणून रोप आणा, आणि शक्य असेल तर गुटी कलमाचं. बियांच्या झाडाला फळ यायला साधारण सात-आठ वर्षं लागतात, कलमाला तीन-चार.

गंगापूर रोडच्या आणि त्र्यंबक रोडच्या रोपवाटिकांत चौकशी करा. रोप ओळखायची खूण: पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, कडेला बारीक दाते, आणि जुनं पान गळण्याआधी लालभडक होतं. हिरव्या झुपक्यात दोन-चार लाल पानं दिसली की ते आजारी नाही, तो त्याचा स्वभावच आहे. ‘एकमुखी देणारं रोप’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका, कारण वर सांगितलं तसं मुखं झाडावर ठरलेली नसतात.

हे झाड दमट हवेचं, हे लक्षात ठेवूनच नाशकात जागा निवडायची. त्र्यंबक, इगतपुरीकडचा पाऊस आणि लाल माती त्याला मानवते. शहरात आणि पूर्वेकडे निफाड, येवला भागात दोन संकटं असतात: उन्हाळ्यात चाळिशी गाठणारं ऊन आणि हिवाळ्यात एक आकडी तापमान. घराच्या पूर्वेची बाजू निवडा, जिथे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली. झाड उंच जातं, त्यामुळे भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून निदान वीस फूट सोडा.

जूनच्या अखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा करा. काळी माती असेल तर निम्मी काढून तिच्या जागी पोयटा, थोडा मुरूम आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड मिसळा. काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि मूळ कुजतं; नाशकात रुद्राक्षाची रोपं याच कारणाने जास्त मरतात, असं माझं निरीक्षण आहे. रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंचवट्यावर लावा आणि भोवती आळं करा.

पहिले दोन उन्हाळे हिरवी जाळी लावा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा, आणि संध्याकाळी पानांवरही पाणी शिंपडा. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर पानांची टोकं करपतात. पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी द्या. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की रात्री रोपावर गोणपाट टाका आणि सकाळी काढा. गच्चीवर लावणार असाल तर अर्धा कापलेला मोठा पिंप घ्या, तळाला भोकं पाडा, विटांचे तुकडे अंथरा. पिंपात झाड छान हिरवं राहतं, पण फळाची खात्री धरू नका.

फळ धरलं तर झाडावरून ओरबाडू नका. पूर्ण निळं होऊन आपोआप पडू द्या. कच्च्या फळातली आठळी वाळल्यावर आक्रसते आणि रेषा धड उमटत नाहीत. पडलेली फळं आठवडाभर पाण्यात भिजत घाला, पाणी रोज बदला. गर सुटायला लागला की हाताने काढून ताठ ब्रशने रेषांमधला चोथा साफ करा. एकदा धुऊन होत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी पसरून महिनाभर वाळवा, थेट उन्हात ठेवले तर तडकतात. वाळल्यावर तेलाचं पुसट बोट फिरवा. देठापासून खालच्या टोकापर्यंतचं भोक बऱ्याच मण्यांत मुळातच अंधुक असतं, जाड सुईने ते मोकळं होतं. नाही झालं तर बारीक ड्रिलने, मणी लाकडी चिमट्यात धरून, दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा.